खारी हवा, टर्बो इंजिन आणि कनेक्टिंग रॉडची निवड

टर्बो इंजिन बांधायला काढलं की जो तो टर्बोबद्दलच विचारतो. कुठला बसवणार, बूस्ट (टर्बो हवा किती दाबाने आत ढकलतो ते) किती, पॉवर किती. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते त्या चार रॉडांवर आणि त्यांच्या आठ बोल्टांवर. टर्बो मनासारखा निघाला नाही तर उतरवून दुसरा चढवता येतो. रॉड तुटला तर ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर येतो आणि जाताजाता क्रँक, पिस्टन, हेड सगळ्यांची वाट लावतो.

आमची गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर, २० व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल. कारखान्यातून ती १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क घेऊन येते आणि तेवढ्यासाठी तिचं इंजिन आजही दणकट आहे. मला आणि माझ्या मावसभावाला ३०० अश्वशक्ती हवी होती. ट्रॅकसाठी, रस्त्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, म्हणून ही गाडी आता ट्रेलरवरूनच जाते-येते. काम रत्नागिरीत, मिरजोळे एमआयडीसीतल्या भावाच्या शेडमध्ये. समुद्र तिथून फार लांब नाही आणि ही गोष्ट पुढे सगळ्यात महत्त्वाची ठरली.

रॉड शोधायला बसण्याआधी आम्ही कागद-पेन्सिल घेतली. ही पायरी बरेच जण गाळतात आणि सरळ कॅटलॉग उघडतात. कॅटलॉगमध्ये रॉडपुढे '६०० हॉर्सपॉवर', '८०० हॉर्सपॉवर' असे आकडे छापलेले असतात आणि मोठा आकडा घेतला की काम झालं असं वाटतं. पण रॉडला हॉर्सपॉवर कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, दाब आणि ताण.

आधी दाब. या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ मिमी, म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ५१.५ चौरस सेंटिमीटर. पेट्रोल पेटल्यावर सिलिंडरमधला दाब १२० बारपर्यंत जाईल असं आम्ही धरलं. गुणाकार केला की एका रॉडवर सव्वासहा टनांच्या आसपास भार येतो. हा भार रॉडला चेपतो, वाकवायला बघतो.

आता ताण. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ८६.४ मिमी, रॉडची लांबी १४४ मिमी. ७,२०० आरपीएमला (मिनिटाला क्रँकचे तेवढे फेरे) पिस्टन वरच्या टोकाला पोचून परत फिरतो तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त असतं. पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) आणि रॉडचं वरचं टोक मिळून ६०० ग्रॅम धरले, तर रॉडला ओढणारी ताकद दोन टनांच्या जवळ जाते. रॉडचं खालचं टोक क्रँकभोवती कॅप लावून दोन बोल्टांनी आवळलेलं असतं. त्या बोल्टांवर ती त्याहून जास्त, कारण त्यांना रॉडचं स्वतःचं वजनही ओढून धरावं लागतं. हा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६,५०० वरून ७,२०० म्हणजे आरपीएममध्ये जेमतेम ११ टक्के वाढ, पण ताण २३ टक्क्यांनी वाढतो.

सगळ्यात वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे जळालेला वायू बाहेर ढकलणाऱ्या धावेच्या, शेवटी येतो. पॉवर स्ट्रोकच्या वेळी वरून पेटलेल्या वायूचा दाब पिस्टनला खाली ढकलत असतो, त्यामुळे ओढ आणि दाब एकमेकांना थोडेफार खातात. एक्झॉस्टच्या शेवटी वर काहीच नसतं. पिस्टनला थांबवून परत खाली आणायचं सगळं काम रॉड आणि बोल्ट यांच्यावर पडतं. वरच्या आरपीएमला ॲक्सिलरेटर सोडून खालचा गिअर टाकला की तर कसोटीच.

हेच गणित उलटं वाचलं की दुसरी गोष्ट हाती लागते. ३,००० आरपीएमला पिस्टनचं हे जडत्व अगदी कमी असतं, त्यामुळे दाबाला खाणारं कुणी नसतं. पूर्ण सव्वासहा टन थेट रॉडच्या अंगावर. म्हणून टर्बो इंजिनात रॉड वाकतात ते बहुतेक वेळा खालच्या आरपीएमला अचानक आलेल्या टॉर्कमुळे, आणि बोल्ट तुटतात ते वरच्या आरपीएममुळे. या इंजिनावर काम करणाऱ्यांचा जगभरचा अनुभव असा की टॉर्क ३५० न्यूटन-मीटरच्या आसपास गेला, आणि तोही खालच्या आरपीएमला, की मूळ रॉडांचा भरवसा राहत नाही. आम्हाला ३६० हवे होते. म्हणजे रॉड बदलणं भागच होतं, आणि त्याच वेळी ४,००० आरपीएमच्या खाली बूस्ट आवरून धरायचा हेही ठरलं. चांगला रॉड घेतला म्हणून वाटेल तसं ट्यूनिंग करायचं हा विचार मला पटत नाही. पेट्रोल कमी ऑक्टेनचं असेल आणि इंजिन नॉक करू लागलं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकू लागलं, तर दाब क्षणभर कुठल्या कुठे उसळतो, तिथे कुठलाही रॉड कमी पडू शकतो. पुण्या-मुंबईच्या काही पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं. ट्रॅकसाठी तेच वापरायचं आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंगही त्यावरच करायचं, असं पक्कं केलं.

मग रॉडची मापं. लांबी १४४ मिमीच ठेवली, कारण ब्लॉकची उंची तीच आहे आणि लांबी बदलली की पिस्टनही वेगळ्या उंचीचे करून घ्यावे लागतात. प्रश्न गजन पिनचा होता. या इंजिनाच्या काही आवृत्त्यांत १९ मिमीची पिन येते, काहींत २० ची. मूळ पिस्टन ठेवायचे असतील तर आपल्या इंजिनात कुठली आहे ते उघडून मोजल्याशिवाय रॉडची ऑर्डर देऊ नका. आम्ही पिस्टनही फोर्ज्ड (दाबून घडवलेले) घेणार होतो, त्यामुळे २० मिमी सरळ निवडता आली. पिस्टन २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे घेतले. ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये मोकळीक जास्त ठेवावी लागते आणि थंड असताना थोडा खडखड आवाज येतो. पण नॉकचा मार ते जास्त सोसतात. ट्रॅकच्या गाडीला तेवढा आवाज चालतो.

एच-बीम की आय-बीम, म्हणजे रॉडचा छेद एच आकाराचा की आय आकाराचा, यावर लोक हिरिरीने वाद घालतात. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या फ्रेड कॅरिलो यांनी रेसिंगसाठी एच आकाराचे रॉड नावारूपाला आणले आणि तेव्हापासून 'परफॉर्मन्स रॉड म्हणजे एच' असं समीकरण झालं. आय आकाराचा चांगला रॉड प्रचंड दाब सोसतो, म्हणून फार मोठ्या बूस्टवाले त्याच्याकडे वळतात. आमच्या ३०० अश्वशक्तीला दोन्हींपैकी काहीही चाललं असतं, आणि हे मी अगदी खात्रीने म्हणतो. त्या आकारावर रात्री जागवण्यापेक्षा पोलाद कुठलं, फोर्जिंग कसं, शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग मजबूत करणं) झालंय का, वरच्या टोकाला ब्राँझचा बुश आहे का आणि चारही रॉडांचं वजन सारखं आहे का, हे पाहणं कितीतरी मोलाचं. आम्ही ४३४० पोलादाचे एच-बीम घेतले. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये ज्याला ईएन-२४ म्हणतात त्याच घराण्यातलं हे पोलाद.

एका विक्रेत्याने आम्हाला याहून जाड, ८०० अश्वशक्तीचे म्हणून विकले जाणारे रॉड घ्यायचा आग्रह केला. 'एकदाच घ्या, निर्धास्त राहा,' म्हणाला. आम्ही नाही म्हटलं. जाड रॉड म्हणजे जड रॉड, आणि रॉडचं वजन वाढलं की ७,२०० ला बोल्टांवरचा ताणही वाढतो. गरजेपुरती ताकद आणि कमीत कमी वजन, हाच हिशेब बरोबर.

खरा प्रश्न बोल्टांनी उभा केला.

बहुतेक चांगल्या रॉडांबरोबर एआरपी कंपनीचे बोल्ट येतात आणि त्यात जास्त पैसे मोजून वरचा प्रकार निवडता येतो. साधारण मिळतो तो एआरपी २०००, ताकद दर चौरस इंचाला २,२०,००० पौंड. त्याच्या वर एल१९, २,६०,००० पौंड. तेवढ्याच ताकदीचा कस्टम एज ६२५ प्लस, पण किमतीत बराच वर. कागदावर बघितलं तर एल१९ चा सौदा फार छान दिसतो: थोडे पैसे जास्त, ताकद बरीच जास्त. मावसभावाने तोच घ्यायचं ठरवून टाकलं होतं.

मी म्हटलं, ऑर्डर करायच्या आधी एकदा मिरकरवाड्याला, रत्नागिरीच्या मासेमारी बंदरावर, जाऊन येऊ. तिथे ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. टर्बो गाड्यांशी त्यांचा संबंध नाही. पण समुद्राच्या हवेत पोलादाचं काय होतं हे त्यांच्याइतकं जवळून पाहिलेला माणूस मला दुसरा माहीत नाही.

चाचांनी ऐकून घेतलं आणि मागच्या फळीवरचा एक डबा खाली काढला. त्यात तुटलेले बोल्ट, फुटलेले बेअरिंग शेल, वाकलेल्या पिना. त्यातून ट्रॉलरच्या लेलँड इंजिनाचा कनेक्टिंगचा अर्धा बोल्ट त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

'तोंड बघ त्याचं,' ते म्हणाले.

तुटलेलं तोंड मी उन्हाकडे धरलं. एका कडेला टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी खड्डा. त्या खड्ड्यापासून सुरू होऊन आत पसरत गेलेल्या बारीक कमानदार रेषा, ओहोटीला वाळूवर राहतात तशा. तेवढा भाग हाताला अगदी गुळगुळीत. आणि पलीकडचा उरलेला तुकडा राखाडी, खडबडीत, दाणेदार. म्हणजे बोल्ट एका झटक्यात तुटला नव्हता. त्या गंजलेल्या ठिपक्यातून चीर सुरू झाली, प्रत्येक फेरीबरोबर केसाएवढी पुढे सरकत गेली, आणि उरलेल्या धातूला भार पेलेना तेव्हा एकदम सुटली.

'बोल्ट नवाच होता,' चाचा म्हणाले. 'पण बसवायच्या आधी पावसाळाभर उघडा पडलेला. गंज पुसून लावला कुणीतरी. पुसला म्हणून खड्डा जातो काय, बाबा?'

घरी येऊन एल१९ बद्दल एआरपीचं स्वतःचं लिखाण नीट वाचलं. हा धातू सहज दूषित होतो, ओलाव्याने त्याला तणावाखाली चिरा पडू शकतात, तो कायम तेलात ठेवावा आणि ओलाव्यापासून जपावा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलेलं आहे. कारण समजून घेण्यासारखं आहे. पोलाद जितकं कडक आणि ताकदवान, तितकं ते हायड्रोजनला हळवं. ओलाव्याने गंज धरताना जी रासायनिक क्रिया होते तिच्यात हायड्रोजन सुटतो, तो पोलादात शिरतो आणि आधीच ताणून बसवलेल्या बोल्टाला आतून ठिसूळ करतो. असा बोल्ट इंजिन चालू नसतानाही चिरू शकतो. त्यात मीठ असेल तर गंजाला वेळच लागत नाही.

कोरड्या प्रदेशातल्या वर्कशॉपमध्ये एल१९ वापरणं वेगळं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत हवेतला ओलावा खाली येतच नाही. शिवाय आमची गाडी पावसाळाभर उभी राहणार होती. चालत्या इंजिनात बोल्टांवर तेलाचा थर असतो, तिथे भीती कमी. पण इंजिन महिनोन्महिने थंड उभं राहिलं की आत दव धरतं, तेल ओघळून जातं. हातातून जाताना, बांधताना घामेजलेलं बोट लागलं तरी पुरे.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. आमच्या मापाचा ३/८ इंची एआरपी २००० बोल्ट नीट ताणून बसवला तर एकटा पाच-सहा टनांनी कॅप दाबून धरतो. एका रॉडला असे दोन. त्यांना सामना करायचा होता तो आमच्या ७,२०० आरपीएमवरच्या अडीच टनांच्या आसपासच्या ओढीचा. बोल्टाची पकड जोवर ओढीपेक्षा बरीच जास्त आहे तोवर कॅप सुटू पाहत नाही आणि बोल्टाला प्रत्येक फेरीचा धक्का फारसा जाणवतच नाही. म्हणून बोल्ट थकतही नाही. एल१९ ची जास्तीची ताकद आमच्या कामात कुठेच उपयोगी येणार नव्हती, आणि त्याबरोबर येणारा धोका मात्र आमच्या दाराशी उभा होता. ९,००० आरपीएमचं इंजिन असतं तर मी हात आखडता न घेता कस्टम एज ६२५ प्लस घेतले असते, कारण त्यांना गंज जवळजवळ लागत नाही. आम्ही एआरपी २००० वर थांबलो. मावसभावाला पटायला चाचांचा डबा पुरला.

रॉड परदेशातून मागवले. कस्टम्स ड्यूटी आणि जीएसटी धरून किंमत बरीच वर जाते, त्याची तयारी ठेवा. बाजारात याच दिसण्याचे, अगदी निम्म्या किमतीचे रॉडही मिळतात आणि त्यांच्या बोल्टांवर नावाजलेल्या कंपनीसारखा शिक्काही असतो. बोल्ट कुठून आला हे विक्रेता कागदावर दाखवू शकत नसेल तर तो सेट मी फुकटही घेणार नाही.

खोकं आलं ते ऐन पावसात. उघडायचं तेव्हा रबरी हातमोजे घातले. रॉड तेलकट कागदात गुंडाळलेले होते, तसेच ठेवले. बोल्ट तेलात बुडवून, पिशवीत घालून, सिलिका जेलसकट लोखंडी कपाटात. कपाटात बल्ब लावून ठेवला, जसं आपल्याकडे पावसाळ्यात दस्तऐवज आणि कॅमेरे जपतात.

मोजमाप आणि मशिनिंगसाठी कोल्हापूर. पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर असा रस्ता. शिवाजी उद्यमनगरात इंजिनाचं असं काम नाही जे होत नाही, आणि तिथल्या माणसांना मिमीच्या शंभराव्या भागाची खरी कदर आहे. ज्या टर्नरकडे गेलो त्याने पहिला रॉड हातात घेतला, कॅप न उघडता बघितला आणि म्हणाला, 'भावा, हे नवीन आहेत म्हणून मापात आहेत असं धरायचं नाही. बोल्ट पुरे आवळून मोजायचं, मगच बोलायचं.'

त्याचं बरोबर होतं. बोल्ट आवळले की रॉडचं खालचं भोक सूक्ष्म का होईना आकार बदलतं. म्हणून माप नेहमी बोल्ट पूर्ण आवळून, बेअरिंग शेल घालून घ्यायचं. क्रँकचा जर्नल, म्हणजे रॉड ज्यावर फिरतो तो गोल भाग, ४७.८ मिमी. जुना ठोकताळा असा की व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी तेलाची फट हवी, म्हणजे ०.०४८ मिमीच्या आसपास. टर्नरने डायल बोअर गेज एकाच भोकात तीन दिशांना फिरवून प्रत्येक आकडा खडूने फळ्यावर मांडला. तीन रॉड ०.०४५ ते ०.०५५ मध्ये बसले. चौथा किंचित घट्ट, तो होनिंग करून, म्हणजे भोक आतून बारीक घासून, मापात आणला. वरच्या बुशमध्ये पिन आपल्या वजनाने सरकेल इतपत मोकळी केली. मग प्रत्येक रॉडचं मोठं टोक आणि छोटं टोक वेगवेगळं तोलून चारही सारखे केले. नुसतं एकूण वजन सारखं असून भागत नाही, कारण मोठं टोक गोल फिरतं आणि छोटं टोक वर-खाली जातं. इंजिनाला दोन्हींचा हिशेब वेगवेगळा द्यावा लागतो. क्रँक मूळचाच ठेवला. तो फोर्ज्ड आहे आणि चीर तपासून पॉलिश केल्यावर त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

बांधणी मात्र रत्नागिरीतच केली, पाऊस सरल्यावर. ब्लॉकमध्ये पिस्टनच्या खालून तेलाची पिचकारी मारणारे छोटे जेट असतात. नव्या रॉडचे खांदे मूळ रॉडपेक्षा रुंद, म्हणून आधी रिंगा न घालता एक-एक पिस्टन बसवून क्रँक हाताने पूर्ण फिरवला आणि जेट, ब्लॉकची कड, क्रँकचा शेजारचा काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) या तिन्ही ठिकाणी फट बघितली. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं बांधून झाल्यावर 'टक' असा आवाज ऐकण्यापेक्षा बरं.

बोल्ट आवळताना टॉर्क पान्यावर एकट्यावर विसंबलो नाही. पाना खरं तर घर्षण मोजतो. आट्यांत साधं तेल आहे की कंपनीचं वंगण, पहिल्यांदा आवळतोय की चौथ्यांदा, यावर त्याच आकड्याला बोल्ट कमी-जास्त ताणला जातो. आपल्याला हवी ती पकड बोल्ट किती लांबला यावरून कळते. म्हणून प्रत्येक बोल्टाची मोकळी लांबी मायक्रोमीटरने घेऊन वहीत लिहिली, कंपनीचं वंगण लावून काही वेळा आवळून-सोडून आटे बसवले आणि मग बोल्टाची वाढलेली लांबी दाखवणारा स्ट्रेच गेज लावून, बरोबर आलेल्या कागदावरच्या लांबीपर्यंत, म्हणजे ०.१४ मिमीच्या आसपास, नेला. आठपैकी दोन बोल्टांना तिथवर यायला पान्याच्या सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडा जास्त जोर लागला. नुसत्या पान्यावर ते दोन सैल राहिले असते.

इंजिन आता चालतंय. पहिलं तेल लवकर बदललं, फिल्टर कापून उघडला, बेअरिंगचा चुरा नव्हता. पावसाळ्यात गाडी उभी राहते तेव्हा ठरावीक दिवसांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवतो, म्हणजे आतलं पाणी उडून जातं. पाच मिनिटं चालवून बंद केलं तर उलट दव वाढतं. हंगाम संपला की संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवून आठही बोल्ट सोडवायचे आणि त्यांची लांबी वहीतल्या आकड्यांशी ताडायची. मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिमीने जरी एखादा वाढलेला निघाला तरी तो ताणून गेलेला आहे, परत लावायचा नाही. त्यासाठी आठ बोल्टांचा जादा सेट आणून ठेवलाय. रॉड मागवाल तेव्हा तोही त्याच खोक्यात मागवा, नंतर एकटे बोल्ट आणायला पाठवणावळच जास्त पडते.